बोनेटवरच्या मुंग्या

"अजून एकदा मार," मी ओट्यावरून म्हणाले.

जालिंदरने सेल्फ मारला. गाडी घर्रर्र घर्रर्र करत राहिली, दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"आई, तू मधी बोलू नगंस."

"मी काय बोलले? तुझा बा एका किल्लीत सुरू करायचा, एवढंच म्हणत होते."

"ते अजून म्हणाली न्हवतीस."

"मग आता म्हणते."

मागच्या सीटवर माझी सून शालन बसली होती. हिरवी इस्त्रीची साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली सरकारी ऑर्डर. ती ना माझ्याकडे बघत होती, ना नवऱ्याकडे. समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडे बघत होती, जसं काही गाडी चाललीच आहे.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. सकाळचे सात. जिल्ह्याच्या ऑफिसात अकरा वाजता नर्सबायांची नावं पुकारणार होते. नाव पुकारल्यावर जी हजर नसेल तिची जागा यादीतल्या पुढच्या बाईला. शालनने माहेरी असताना नर्सचं शिक्षण घेतलेलं. तीन वर्षं तिचं नाव यादीत खालून वर सरकत होतं, आणि येत्या महिन्यात तिच्या वयाची अट संपत होती. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. रस्ता अडीच तासांचा. सहाची एसटी गेलेली, पुढची दहाला. गावात दोन जीपा होत्या, त्या दोन्ही आदल्या रात्रीच माणसं भरून देवाला गेलेल्या. राहिली आमची पांढरी.

पांढरी म्हणजे आमच्या मालकांची, जालिंदरच्या तात्यांची गाडी. अठरा वर्षं त्यांनी ती भाड्यानं चालवली. आसपासच्या बारा वाड्यांतल्या नवऱ्या तिच्यातून सासरी गेल्या आणि बाळंतपणाला तिच्यातूनच माहेरी आल्या. मालक जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. जालिंदर शाळेत मास्तर, त्याला गाडी चालवता येत होती, पण गाडीला काय होतंय ते कळत नव्हतं. ही दोन वेगळी कामं आहेत हे आमच्या घरात तोवर कुणाला माहीत नव्हतं.

आता मी या नोकरीला काय म्हणाले होते तेही सांगते, लपवण्यासारखं काही नाही. अख्ख्या गावानं ऐकलंय. "घरची सून गावोगाव लोकांच्या पोरांना सुया टोचत हिंडणार असंल तर मी चूल दुसरी मांडीन," असं मी म्हणाले होते. नवरात्रात आरतीला आलेल्या बायकांसमोर म्हणाले होते. शालन तेव्हा निरांजनात तेल घालत होती. तिनं एक थेंबही सांडू दिला नाही. त्याचाच मला जास्त राग आला.

म्हणून त्या सकाळी गाडी सुरू होईना तेव्हा जालिंदर सारखा माझ्याकडे का बघत होता, ते मला कळत होतं.

"इलाहीला बोलवून आण," मी म्हणाले. "का गाडीला समजावून सांगणार हायस?"

इलाही मिस्त्री स्टँडमागं राहायचा. मालकांच्या हाताखाली शिकलेला माणूस. हातात पान्ह्यांची पिशवी घेऊन, अर्धा चहा तसाच टाकून आला.

"काय झालं काकी?"

"मला काय विचारतोस? मी काय गाडी व्याले व्हय? तिला विचार."

त्यानं गाडीला विचारलं. म्हणजे जालिंदरला सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः डोळे मिटून ऐकत उभा राहिला. मालक अगदी तसेच उभे राहायचे.

"सेल्फ फिरतोय. बॅटरी हाय," इलाही म्हणाला. "पर इंजिन पकडंना. एक तर पेट्रोल न्हाई, न्हाईतर करंट न्हाई. तिसरं काय नसतं."

त्यानं बोनेट उघडलं. आत वाकला, नाक खुपसलं. "पेट्रोलचा वास तर भरपूर हाय." मग हातानं काहीतरी झटकलं. "ह्या मुंग्या कशा काय आल्या इथं?"

"मुंग्यांना काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "दसऱ्याचं गोडधोड झालंय घराघरांत. हिंडतात."

"व्हय, पर बोनेटात?"

मी ओट्यावरून खाली उतरले नाही.

इलाहीनं मान वर केली. "मास्तर, काल गाडी धुतली का?"

"धुतली. पूजेआधी. पर बोनेट बंद करून. तात्या सांगायचे तसंच."

"मग पूजेला बोनेट उघडलं हुतं?"

"न्हाई. वरनंच स्वस्तिक काढलं, हार घातला, चाकाखाली लिंबू."

"काकी, तुमी?"

"मला बोनेट उघडता येतं व्हय रं?" मी म्हणाले. "दुसरी शिकलेली बाई मी."

इलाहीनं मान डोलावली. त्याला ते पटलं. मालकांच्या घरातली बाई खोटं बोलेल असं त्याच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं.

"मग करंटला काय हुणार?" तो म्हणाला. "परवा पतूर चालत हुती, कुणाचा हात लागला न्हाई. पेट्रोल कुठनं भरलं?"

जालिंदरचं तोंड उतरलं. पंप लांब पडतो म्हणून त्यानं रस्त्याकडेच्या टपरीवरून कॅनमधलं घेतलं होतं.

"हां. मग रॉकेल पाजलंय तिला," इलाही म्हणाला आणि कामाला लागला.

त्यानं नळी काढली, पेट्रोल बाटलीत घेऊन उन्हात धरलं, बोटावर घेऊन हुंगलं. कार्बोरेटर उघडून फुंकलं. एकेक प्लग काढून पुसला. प्लग पेट्रोलनं ओले होते. परत बसवले. सेल्फ मारला. घर्रर्र घर्रर्र. आता त्या आवाजातला जोरही कमी झाला होता. परत उघडलं. परत बसवलं. घड्याळ पावणेआठवर गेलं.

"असं किती वेळा मारणार?" इलाही शेवटी म्हणाला. "बॅटरी बसाय लागली. मास्तर, हे सगळं पेट्रोल काढून तालुक्यावरनं ताजं आणाय लागंल."

"तालुक्याला जायला-यायला दोन तास!"

"मग मी काय करू?"

"साडेआठच्या आत निघालो न्हाई तर पोचतच न्हाई आपण," जालिंदर म्हणाला. त्यानं हे शालनकडे बघून म्हणायला हवं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला.

शालन गाडीतून उतरली. दार हळू लावलं. पिशवी छातीशी धरून माझ्या बाजूनं घरात गेली. मला वाटलं आता रडेल. कान देऊन थांबले. रडल्याचा आवाज आला नाही. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आला. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती रोजची जुनी साडी नेसून. हिरवी साडी घडी घालून ठेवून आली होती. चुलीपाशी गेली, परातीत पीठ घेतलं आणि मला विचारलं, "आत्या, भाकरी किती टाकू?"

एवढंच. ना आवाजात कंप, ना डोळ्यांत पाणी. जसं काही ती रोजच्यासारखी उठलीय आणि नोकरी, यादी, तीन वर्षं असं काही झालंच नाही.

ती भांडली असती तर मी भांडले असते. मला भांडता चांगलं येतं. पण तिनं गुमान पिठाला हात घातला.

बोनेट मी उघडलं होतं. कुठला दांडा ओढायचा आणि कडी कुठं दाबायची हे अठरा वर्षं बघितलेल्या बाईला ठाऊक नसणार? आणि आत जी काळी टोपी असते, जिच्यातून पाच वायरी केसांसारख्या निघतात, तिच्यावर नारळाचं पाणी मी ओतलं होतं. मालक गाडी धुताना त्याच टोपीवर टॉवेल गुंडाळायचे. "हिला पाणी लागलं की संपलं," म्हणायचे. हे मला मुंग्यांचं ऐकल्यावर आठवलं. आदल्या दिवशी आठवायला हवं होतं.

मी उठले. ओट्यावरून उतरले. चप्पल पण घातली नाही.

"इलाही, ती काळी टोपी काढ."

"कुठली?"

"वायरींची. तिच्यात नारळाचं पाणी हाय."

इलाहीनं पान्हा खाली ठेवला. जालिंदर म्हणाला, "कुणी घातलं?"

"मी."

माझा पोरगा माझ्यावर आयुष्यात कधी ओरडला नव्हता. तेव्हाही ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, ते जास्त लागलं. "मुद्दाम?"

उत्तर जिभेवर होतं, पण बाहेर येईना. माझी जीभ अशी अडते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. गल्लीतल्या दोन बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर खरं सांगण्यापेक्षा मुद्दाम केलं असं समजू दे, असं वाटलं. त्यात निदान माझा शब्द तरी खाली पडत नव्हता.

"बोल की आई. मुद्दाम केलंस?"

शालन पिठाच्या हातानं दारात आली होती. तिनं ऐकलं होतं सगळं.

"आधी टोपी काढू द्या," ती म्हणाली. "वाद मग घाला."

इलाहीनं दोन्ही बाजूंच्या कड्या उचकल्या आणि टोपी वर घेतली. आत चिकट पाणी चमकत होतं, दोन मुंग्या बुडून मेल्या होत्या. "करंट इथनंच सगळ्या प्लगांना जातो," तो म्हणाला. "पाण्यातनं नुसता इकडं तिकडं पळतोय. काकी, अवो आधी सांगायचं की! मी तासभर त्या कार्बोरेटरला झोंबतोय." मग तो थांबला. टोपीच्या कडेत बोट घालून त्यानं काहीतरी काढलं आणि तळहातावर घेऊन आम्हाला दाखवलं.

कुंकवानं लाल झालेले तांदळाचे दाणे. चार-पाच होते.

"वायरींच्या खोबणीत पण हायेत," तो म्हणाला. परत आत वाकला आणि बॅटरीच्या मागून ओला झालेला खण ओढून काढला. हिरवा, जरीच्या काठाचा. त्यात आपट्याचं पान, हळकुंड आणि सुपारी.

मग इलाही म्हणाला, "काकी, तुमी गाडीची ओटी भरली?"

कुंपणापाशी एक बाई हसली. मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं तोंडाला पदर लावला.

होय, भरली होती. काल सगळी माणसं सोनं लुटायला गावाबाहेर गेली तेव्हा पाय दुखतोय म्हणून मी घरी राहिले. पाय दुखत नव्हता. जालिंदरनं केलेली पूजा मला पटली नव्हती. वरवरचा हार आणि स्वस्तिक, आणि आत जे राबतं त्याला काहीच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शालन जाणार होती. घरातली सवाशीण कामाला बाहेर पडते तर तिची ओटी भरायची असते. पण मी कोणत्या तोंडानं भरणार? चूल दुसरी मांडीन म्हणालेले. मग मी तिची ओटी तिला न देता तिला नेणाऱ्या गाडीला दिली. बोनेट उघडलं, हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, नारळ फोडून पाणी त्या टोपीला पाजलं, कारण मालक म्हणायचे, गाडीचा जीव तिच्यात असतो. आणि म्हणाले, "माझ्या सुनेला नीट ने गं. अकराच्या आत ने."

हे असं मी गाडीशी बोलले होते. लोकांसमोर सांगायचं कसं?

"बिघडवायला कुणी अक्षता टाकतं का?" शालन म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, पण बघत माझ्याकडे होती. तिचा आवाज आता कुठं हलला.

"बघत काय बसलीस?" मी तिच्यावर ओरडले. मला ओरडायला काहीतरी मिळालं याचा आनंद झाला. "जा, ती चांगली साडी नेस. पिठाचे हात लावू नगंस तिला. जालिंदर, किती वाजले?"

"आठ."

"इलाही, वाळायला किती वेळ?"

"उन्हात ठेवली तर अर्धा तास. ऊब मिळाली तर लवकर."

"दे हिकडं."

मी टोपी कोरड्या फडक्यानं आतून बाहेरून पुसली. मग चुलीच्या वैलावर, जिथं आम्ही दुधाचं भांडं ऊबेला ठेवतो, तिथं धरली. भाकरीसारखी उलटीपालटी करत राहिले. इलाही दारातून सारखा सांगत होता, "लांबनं काकी, लांबनं, वितळंल ती." "चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेय मी," मी म्हणाले, "तू मला जाळ शिकव." पण लांबून धरली.

सव्वाआठला इलाहीनं टोपी बसवली, वायरी दाबल्या. जालिंदरनं किल्ली फिरवली.

टक. नुसतं टक.

"बॅटरी बसली," इलाही म्हणाला. "ढकला!"

आमच्या घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत उतार आहे. जालिंदर आत बसला. मागं इलाही, त्याच्या शेजारी मी पदर खोचून आणि माझ्या शेजारी शालन, हिरव्या साडीत.

"तू कशाला? साडी खराब हुईल."

"होऊ दे."

आम्ही ढकललं. गाडी हलेना. मग हलली. कुंपणापाशी उभ्या होत्या त्या दोन बाया पण धावून आल्या, जी हसली होती ती सुद्धा. शालनचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. ढकलता ढकलता ती खाली मान घालून म्हणाली, "आत्या, खण माझा होता का गाडीचा?"

"ढकल गुमान."

"सांगा की."

"हिरव्या साडीवर हिरवाच आणला हुता. गाडी काय हिरवी हाय?"

ती हसली. ती घरात आल्यापासून मी तिला तेव्हा पहिल्यांदा असं मोठ्यानं हसताना ऐकलं. आणि त्याच क्षणी गाडीला एक हिसका बसला, मागून धुराचा लोट आमच्या तोंडावर आला आणि पांढरी अशी काही गरजली की देवळावरची कबुतरं उडाली.

"पकडली! पकडली!" इलाही रस्त्यातच नाचला. "मास्तर, बंद करू नगा आता! जिल्हा येईस्तवर बंद करू नगा!"

शालन धावत पिशवी घेऊन आली. गाडीत बसण्याआधी वाकली. मी म्हणाले, "पाया पडायला वेळ हाय व्हय? बस आत." पण ती वाकली ती वाकलीच. मग मी घरात गेले आणि कणगीच्या मागं लपवलेल्या नारळातली एक वाटी आणली. तो ओला खण पिळून त्यावर ठेवला. चारचौघींसमोर, दिवसाउजेडी, गाडीच्या खिडकीतून तिची ओटी भरली.

"खोबरं कुठं गेलं, हेच इचारणार हुतो मी," इलाही म्हणाला.

"तुला अर्धं चहाबरोबर देते. आता गप."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आवाज ऐकू येत होता तोवर मी तिथंच उभी होते. त्यानंतर पण उभी होते.

दिवस कसा गेला विचारू नका. अकरा वाजता मी उंबऱ्यात बसले होते. हातात काही काम नव्हतं, तरी उठता येईना. संध्याकाळी ओढ्याच्या पलीकडून पांढरीचा आवाज ओळखला आणि शेळ्या बांधायच्या निमित्तानं बाहेर आले. शेळ्या बांधलेल्याच होत्या.

शालन उतरली. धुळीनं भरलेली, साडीच्या निऱ्यांना ग्रीसचा डाग. "आत्या, अकराला दहा कमी असताना पोचलो. सातवं नाव माझं. त्यांनी पुकारलं आणि मी 'हजर' म्हणाले."

"मोठ्यानं म्हणालीस, का पुटपुटलीस?"

"तुमच्यासारखी मोठ्यानं. सगळ्यांनी मागं वळून बघितलं."

"मग ठीक हाय," मी म्हणाले आणि शेळीचं दावं उगाच सोडून परत बांधलं.

तेवीस वर्षं तिनं नोकरी केली. किती पोरांना सुया टोचल्या त्याची गिनती नाही. चूल एकच राहिली. पांढरी पण बरीच वर्षं राहिली.

त्या प्रकारानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला जालिंदरनं इलाहीकडून बोनेटला नवी घट्ट कडी बसवून घेतली, मला उघडता येऊ नये म्हणून. त्याला वाटलं मला कळलं नाही. पूजेच्या वेळी मी ताट घेऊन गाडीपुढं उभी राहिले, कडीला हात लावून बघितला, हलेना. तेव्हा शालननं आतून दांडा ओढला, दोन्ही हातांनी कडी दाबून बोनेट वर केलं आणि टोपीवर टॉवेल गुंडाळला.

"घ्या आत्या, हळद-कुंकू लावा," ती म्हणाली. "नारळाचं पाणी मात्र यंदा तुम्ही प्या."

प्याले. गोड होतं.